एकटीनं ॲनिमेशन फिल्म करायची तर आधी सेकंद मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही पुण्यात एका ई-लर्निंग कंपनीत मोशन ग्राफिक्स करता. आजीनं तरुणपणी पायी केलेल्या पंढरीच्या वारीवर वीस मिनिटांची, हातानं काढलेली टूडी फिल्म करायची आहे. कथा लिहून तयार आहे. एकटीनं होईल का, नोकरी सोडावी का, सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं आणि पैसे कुठून उभे करायचे, असं तुम्ही विचारलंय.

सॉफ्टवेअरचा प्रश्न सगळ्यात सोपा म्हणून मागे ठेवते. एकटीनं होईल का? होईल. वीस मिनिटांची होईल का? पहिल्या फिल्मसाठी माझं उत्तर ठाम नाही असं आहे, आणि ते तुमच्या जिद्दीवर शंका म्हणून नव्हे, गुणाकार करून देतेय.

पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम जातात. हातानं काढणारे आपण बहुतेक जण ‘टूज’वर काम करतो, म्हणजे एक चित्र दोन फ्रेम टिकतं आणि सेकंदाला १२ चित्रं लागतात. वीस मिनिटं म्हणजे १,२०० सेकंद, म्हणजे १४,४०० चित्रं. रफ (कच्चं रेखाटन), क्लीनअप (स्वच्छ रेघ) आणि रंग मिळून एका चित्राला पंधरा मिनिटं धरा, हा वेग काही वाईट नाही. नोकरीवरून आल्यावर दोन तास बसलात तर दिवसाला आठ चित्रं. झाले १,८०० दिवस. जवळजवळ पाच वर्षं, आणि तीसुद्धा गौरी-गणपती, दिवाळी, लग्नकार्य, तापाचे दिवस, काहीही न पाळता. यात बॅकग्राउंड धरलेली नाहीत, आवाज आणि कॉम्पोझिटिंग (सगळे थर एकत्र जोडणं) धरलेलं नाही, फेकून द्यावी लागणारी चित्रं तर नाहीतच. हाच गुणाकार चार मिनिटांना लावा: २,८८० चित्रं, ३६० दिवस. हे माणसाच्या आयुष्यात बसणारं काम आहे.

पंधरा मिनिटं हा मी धरलेला आकडा आहे, तुमचा हात वेगळा असेल. म्हणून लांबी ठरवण्याआधी फिल्ममधला मध्यम अवघड असा एक शॉट घ्या, दहा सेकंदांचा. तो अगदी शेवटपर्यंत न्या: रंग, बॅकग्राउंड, आवाज, सगळं. शेजारी घड्याळ ठेवा आणि प्रत्येक टप्प्याला किती वेळ गेला ते वहीत लिहा. ही टेस्ट न करता ‘वर्षभरात होईल’ असं म्हणणाऱ्यांच्या अर्धवट फिल्म्स हार्डडिस्कवर पडून असतात.

आता मुख्य मुद्दा. स्टुडिओत आधी शैली ठरते आणि मग तिला लागतील तेवढी माणसं लावली जातात. एकट्या माणसाकडे ती सोय नसते, त्यामुळे त्याची शैली त्याच्या हिशेबातूनच निघते. लॅटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोदिसनं २०१९ साली ‘अवे’ ही ७५ मिनिटांची फिल्म संगीतासकट एकट्यानं पूर्ण केली. साडेतीन वर्षं लागली. ती थ्रीडी आहे, तिथलं गणित वेगळं, पण त्यानं काय-काय टाळलं ते बघण्यासारखं आहे. संवाद अजिबात नाहीत, म्हणजे लिप-सिंक (आवाजाला जुळणारी तोंडाची हालचाल) नाही. एक मुलगा, एक पक्षी, एक मोटरसायकल आणि मागे लागलेली एक काळी आकृती, बस. शिवाय फिल्म प्रकरणांत विभागलेली. प्रेक्षकाला हे सगळं काटकसर म्हणून जाणवत नाही, एकाकी प्रवासाची गोष्ट म्हणून जाणवतं.

तुमच्या आजीकडे याच नजरेनं बघू. आजीला तुम्ही इरकल नेसवणार असाल. सुंदर दिसेल, पण त्या काठाची प्रत्येक रेघ सेकंदाला बारा वेळा काढायची आहे आणि ती प्रत्येक चित्रात थोडी हलणार आहे. एकरंगी लुगडं द्या आणि काठाचा एकच जाड पट्टा ठेवा. पोत हवाच असेल तर तो एकदाच रंगवून, न हलवता, लुगड्याच्या आकाराच्या आत मास्क करा, म्हणजे बाहेरचा भाग झाका. आकृती हलते आणि पोत जागच्या जागी राहतो. विचित्र वाटेल अशी भीती असते, प्रत्यक्षात ते देखणं दिसतं. केस मोकळे नकोत, घट्ट अंबाडा हवा. बोटं जिथं कथेला लागतील तिथंच पाच, बाकी ठिकाणी मुठीचा आकार पुरतो. डोक्यावर तुळशीवृंदावन दिलंत तर आणखी एक फायदा: डोकं आणि हात जवळजवळ स्थिर राहतात, हलतात ते पाय. चालण्याची एक सायकल (पुन्हा पुन्हा फिरवता येणारी चित्रमालिका), दोन पावलांची, साधारण २४ फ्रेम, म्हणजे टूजवर १२ चित्रं. ती नीट जमली की तीच सायकल पुणे ते पंढरपूर चालते, फक्त मागची बॅकग्राउंड बदलत जाते. थकलेल्या चालीची दुसरी सायकल करा. फिल्मभर या दोन पुरतील.

मग गर्दीचा प्रश्न. वारीवरची फिल्म म्हटलं की दिवे घाटात वळत जाणारी लाखोंची रांग डोळ्यापुढे येते. ती काढायची असेल तर एकच मोठं चित्र रंगवा आणि त्यावरून कॅमेरा सावकाश फिरवा. पताका तेवढ्या हलू द्या. आठ चित्रांची पताकेची सायकल वेगवेगळ्या फ्रेमपासून सुरू करून पन्नास ठिकाणी लावली की घाट जिवंत होतो. बाकी गर्दी आवाजानं आणा. टाळ-मृदंगाचा आवाज उजवीकडून डावीकडे सरकला आणि चौकटीत फक्त चिखलातून जाणारे चार पाय दिसले तरी प्रेक्षकाच्या मनात दिंडी पूर्ण होते.

रिंगणातला अश्व तुमच्या कथेत असणार हे मी न वाचताही सांगू शकते. घोड्याची दौड हे ॲनिमेशनमधल्या सगळ्यात कठीण कामांपैकी एक आहे आणि चूक कुणाच्याही लक्षात येते. घोडा दाखवूच नका. टापांचा आवाज, माणसांच्या माना एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला वळणं, चौकटीत धूळ, आणि मग टापांखालची माती उचलून कपाळाला लावणारे हात. वारकरी खरोखर तेच करतात. त्या हातांवर मात्र वेळ खर्च करा.

कारण वाचवलेली चित्रं कुठंतरी उधळायलाही हवीत. फिल्ममध्ये दोन किंवा तीन क्षण असे निवडा, जिथं अभिनय पूर्ण हातानं, कंजूषी न करता करायचा, गरज पडली तर ‘वन्स’वर, सेकंदाला २४ चित्रं. आजी चंद्रभागेत पहिलं पाऊल ठेवते, पाणी गार लागतं, ती थबकते, वजन मागच्या पायावर घेते. असा एक क्षण नीट झाला की आधीच्या तीन मिनिटांतले होल्ड (थांबवून ठेवलेली चित्रं) आणि सायकली कुणाला आठवत नाहीत. सगळीकडे सारखीच मध्यम मेहनत केलेली फिल्म बघायला फार कंटाळवाणी होते. विद्यार्थ्यांच्या फिल्म्स बघताना मला हा दोष सतत दिसतो.

लांबच्या शॉटसाठी कटआउटचा विचार करा. सांधे जोडलेली बाहुली एकदा केली की नवं चित्र काढावं लागत नाही, फक्त हात-पाय सरकवायचे. जर्मनीच्या लोटे रायनिगरनं १९२६ साली कात्रीनं कापलेल्या छायाकृतींतून पूर्ण लांबीची फिल्म उभी केली होती. आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलाकारांची चामड्याच्या छायाबाहुल्यांची आणि चित्रकथीची (चित्रं दाखवत कथा सांगण्याची) परंपरा आहे; तिथले परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. एकदा जाऊन बाहुली पडद्यामागून बघा. मान किती थोडी वळते आणि त्यातून केवढा राग दिसतो, हे कुठल्याही ट्युटोरियलमध्ये नाही. पण तिथली चित्रं बघून घरी येऊन ‘चित्रकथी स्टाइल’ करू नका. ते त्यांच्या पोटापाण्याचं काम आहे. ती शैली हवी असेल तर त्यांना सोबत घ्या, मोबदला द्या, श्रेयनामावलीत नाव द्या. आणि एक इशारा: तुमच्या नोकरीत रोज तुम्ही रिग केलेली (सांधे जोडून हलवायला तयार केलेली) पात्रं कोपरात वाकवता. तो हात इथं नकळत येईल. फिल्म प्रशिक्षणाच्या व्हिडिओसारखी दिसायला लागली की समजा, रिग जास्त झालं.

यानंतरचा टप्पा ॲनिमॅटिकचा, म्हणजे साध्या चित्रांच्या आणि कच्च्या आवाजाच्या, पूर्ण लांबीच्या आराखड्याचा, आणि तुमच्या वेळेचा चौथा हिस्सा इथं गेला तरी मला तो जास्त वाटणार नाही. ज्या शूटिंगमध्ये कॅमेरा चालतो तिथं जास्तीचं चित्रण करून नंतर एडिट करता येतं. आपण एडिट आधी करतो, कारण कापून टाकलेले दहा सेकंद म्हणजे १२० चित्रं. स्टोरीबोर्डची (शॉटवार मांडलेल्या कथेची) चित्रं काड्यांच्या माणसांइतकी साधी असली तरी चालतील. ती टाइमलाइनवर टाका, स्वतःच्या आवाजात संवाद आणि ‘धप्प’, ‘सूंऽऽ’ असे आवाज भरा, आणि पूर्ण लांबीची फिल्म बघा. मग कथा न सांगता दोन-तीन जणांना दाखवा. घरच्यांना नको, त्यांना आजी माहीत आहे, ते रिकाम्या जागा स्वतःच भरतात. दाखवून झाल्यावर ‘आवडली का’ असं विचारू नका, ‘काय झालं ते सांगा’ असं म्हणा. ते जिथं अडखळतील तिथं फिल्म अडखळते आहे. चार मिनिटांचं ॲनिमॅटिक साडेतीनवर येईपर्यंत कापत राहा. ॲनिमॅटिक कंटाळवाणं असेल तर ते रंगवून चांगलं होत नाही, कधीच नाही.

ॲनिमॅटिक पक्कं झालं की खरे आवाज ध्वनिमुद्रित करायचे, चित्रं काढायला बसण्याआधी. आवाजातली धाप, अडखळणं, हसणं यांवर पात्राचा अभिनय बेततात. तरुण पात्रांसाठी पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका करणाऱ्या मुलांमध्ये शोधा. पुण्यात राहून हे केलं नाहीत तर तुमचं नुकसान. पण आजीचा आवाज म्हाताऱ्या बाईचाच हवा. पंचविशीच्या मुलीनं थरथरता काढलेला आवाज पहिल्या वाक्याला उघडा पडतो. आवाज देणाऱ्या आजींच्या हातात कागद देऊ नका. प्रसंग सांगा आणि त्यांच्या शब्दांत बोलू द्या. संवाद तुमच्यापेक्षा चांगले निघतील. जागा म्हणाल तर कपड्यांनी भरलेलं कपाट उघडं ठेवून त्यासमोर, खिडकीवर गोधडी टाकून, पंखा आणि फ्रिज बंद करून घरातही स्वच्छ आवाज मिळतो. शेवटी अर्धा मिनिट कुणीही न बोलता त्या खोलीची शांतता रेकॉर्ड करा, एडिट करताना सांधे बुजवायला तीच लागते.

लिप-सिंकचा बाऊ करू नका. परदेशी पुस्तकांत तोंडांचे तक्ते असतात, पण आपली वर्णमालाच तोंडातल्या जागांप्रमाणे रचलेली आहे. प, फ, ब, भ, म, म्हणजे ओष्ठ्य: ओठ मिटलेच पाहिजेत. हा एक आकार चुकला तर सगळं खोटं वाटतं, आणि तो आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी यायला हवा. त-वर्ग आणि ‘ल’ला जिभेचं टोक दाताजवळ दिसतं. क-वर्ग आणि ट-वर्गात जे होतं ते आत होतं, बाहेरून काही दिसत नाही, तिथं पुढच्या स्वराचा आकार द्या. स्वरांत आ उघडा, इ-ए ताणलेले, उ-ओ गोल. सहा-सात तोंडांत अख्खी मराठी बसते. ‘पांडुरंग’ म्हणताना मिटलेले ओठ, मग उघडे, मग गोल, मग पुन्हा उघडे, एवढंच दिसतं. प्रत्येक ध्वनीचं वेगळं तोंड काढायला बसू नका. आणि आजी पाठमोरी असताना, दूर असताना, पदर तोंडाशी धरलेला असताना बोलली तर एकही तोंड लागत नाही.

आता गाण्यांचा विषय, जिथं चांगल्या फिल्म्स अडकतात. तुम्ही वारी म्हणताय म्हणजे अभंग येणार, ओव्या येणार. तुकोबांचे शब्द कुणाच्या मालकीचे नाहीत. पण रेडिओवर ऐकत आलेली त्या अभंगाची चाल एखाद्या संगीतकाराची असते आणि ती ध्वनिमुद्रिका कंपनीची. आपल्या कायद्यात काव्य आणि संगीताचा हक्क निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, ध्वनिमुद्रणाचा प्रकाशनानंतर ६० वर्षं. अमेरिकेच्या निना पेलीनं ‘सीता सिंग्ज द ब्ल्यूज’ ही रामायणावरची फिल्म जवळजवळ एकटीनं, घरच्या कॉम्प्युटरवर केली. त्यात १९२०च्या दशकातली गाणी होती. ध्वनिमुद्रणांवर हक्क उरला नसला तरी गाण्यांच्या शब्द-संगीतावर होता, आणि ते सोडवायला तिला सुमारे ५० हजार डॉलर मोजावे लागले. तुमच्याकडे उलटं होईल: शब्द मोकळे, चाल आणि मुद्रण अडकलेलं. उपाय सोपा आहे. गावातल्या भजनी मंडळाची परंपरागत चाल घ्या, त्यांच्याकडून स्वतः गाऊन घ्या, आणि साध्या मराठीत एका पानाचं संमतीपत्र लिहून सह्या घ्या, मानधनाचा आकडा घालून. जात्यावरच्या ओव्यांसाठी हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी उभा केलेला लाखाहून जास्त ओव्यांचा संग्रह ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर ऐकता येतो, पंढरीवरच्या ओव्या त्यात भरपूर आहेत. अभ्यासाला अमृत आहे. तिथलं मुद्रण फिल्ममध्ये वापरायचं असेल तर रीतसर परवानगी मागा.

म्हणजे एकटीनं करायची म्हटलं तरी सगळं एकटीनं करू नये. चित्रं तुमची असू देत. गीतांजली राव यांनी ‘प्रिंटेड रेनबो’च्या पंधरा मिनिटांतली फ्रेम न् फ्रेम स्वतः रंगवली आणि २००६ साली ती कान चित्रपट महोत्सवाच्या क्रिटिक्स वीकमध्ये गौरवली गेली. पण ध्वनी हे वेगळं शास्त्र आहे. साउंड डिझाइन आणि मिक्सिंगला माणूस लावा आणि पैसे द्या. बजेटमधला सगळ्यात मोठा खर्च हाच असेल आणि असावा. लोक ओबडधोबड चित्र माफ करतात, घोगरा आवाज करत नाहीत. मित्राकडून फुकट करून घेतलंत तरी कागद करा. मैत्रीत कागद कशाला, असं म्हणणारे मित्र फिल्म महोत्सवात लागली की बदलतात.

सॉफ्टवेअर. क्रिता फुकट आहे, ब्रश सुंदर आहेत, छोट्या शॉटसाठी उत्तम; लांब शॉटला मशीन धापा टाकायला लागतं. ओपनटून्झ हेही फुकट. जपानच्या जिब्ली स्टुडिओत वापरल्या गेलेल्या टून्झवर ते आधारलेलं आहे, २०१६ मध्ये खुलं झालं, एक्स-शीट (फ्रेमवार नोंदीचा तक्ता) आणि रंग भरण्याची सोय भक्कम, पण पहिले काही आठवडे ते तुम्हाला रडवेल. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधल्या ग्रीज पेन्सिल या साधनानं थ्रीडी अवकाशात रेघ काढता येते, घाटातल्या रस्त्यावरून कॅमेरा फिरवायचा असेल तर त्याला तोड नाही. एडिटला डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती पुरते. कॉम्पोझिटिंगला ऑफिसात जे रोज वापरता तेच घरी घ्या, त्यात तुमचा हात बसलेला आहे. स्क्रीन नसलेली पेन टॅब्लेट आठ-दहा हजारांच्या आत येते आणि तिच्यावर उत्तम फिल्म्स झालेल्या आहेत. ‘फ्लो’ या ॲनिमेशन फिल्मला २०२५ मध्ये ऑस्कर मिळालं आणि ती ब्लेंडरवर केलेली आहे, हे सगळे सांगतात. तिचं बजेट ३५ लाख युरोच्या आसपास होतं आणि तीन देशांतली माणसं कामाला होती, हे सांगत नाहीत. दिग्दर्शक तोच, ‘अवे’वालाच, पण या वेळी तो एकटा नव्हता.

कामाच्या शिस्तीबद्दल दोन-चार गोष्टी. शॉटना १०, २०, ३० असे क्रमांक द्या, म्हणजे मध्ये शॉट घुसवायला जागा राहते. भिंतीवर तक्ता लावा: शॉट, सेकंद, रफ, क्लीन, रंग. दोन हार्डडिस्कवर प्रत ठेवा आणि त्यातली एक दुसऱ्याच्या घरी. पहिल्या शॉटपासून सुरुवात करू नका. हात फिल्मभर सुधारत जातो, आणि प्रेक्षक व निवड समिती तुम्हाला जोखतात पहिल्या अर्ध्या मिनिटावर. मधल्या, लांबच्या शॉटपासून सुरू करा. पहिला आणि शेवटचा शॉट सर्वांत उशिरा करा. मनगटाची काळजी घ्या, दुखायला लागल्यावर घेतलेली काळजी उशिराची असते.

नोकरी सोडू नका. ॲनिमॅटिक पूर्ण होईपर्यंत तर नाहीच, कारण तोवर तुम्हाला फिल्म किती मोठी आहे हेच माहीत नसतं. नंतर त्या दोन-तीन उधळपट्टीच्या शॉटसाठी बिनपगारी रजा घेणं जास्त शहाणपणाचं. पण नेमणूकपत्र काढून वाचा. नोकरीच्या कामाचा भाग म्हणून केलेल्या गोष्टीचा कॉपीराइट, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर, मालकाकडे जातो. काही नेमणूकपत्रं त्याहून पुढे जाऊन नोकरीच्या काळात केलेल्या सगळ्याच सर्जनशील कामावर दावा सांगतात. असं कलम असेल तर फिल्म सुरू करण्याआधी एचआरकडून लेखी सूट घ्या. कंपनीच्या लॅपटॉपवर, कंपनीच्या लायसन्सवर, जेवणाच्या सुट्टीतसुद्धा एक रेघ काढू नका.

पैशाबद्दल खरं सांगायचं तर चार मिनिटांच्या फिल्मला गुंतवणूकदार नसतो. परत येण्याची आशा न ठेवता स्वतःचे किती घालायचे ते आधी ठरवा आणि त्या आकड्यात फिल्म बसवा. मोठं काही मागायचं असेल तर कथेचा कागद घेऊन फिरू नका, हलणारं चित्र घेऊन जा. फाळक्यांनी १९१२ मध्ये रोप उगवताना फ्रेम-फ्रेमनं टिपून ‘अंकुराची वाढ’ केली, मिनिटभराची, आणि ती दाखवून ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल मिळवलं. पुढे १९१५ मध्ये त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्या नाचवल्या, म्हणजे आपल्या घराण्याचा मूळपुरुषही अशीच टेस्ट दाखवत फिरला होता. तुमचा तो दहा सेकंदांचा शॉट आणि ॲनिमॅटिक हेच तुमचं भांडवल मागण्याचं साधन. फ्रान्समध्ये फोंतेव्रोच्या मठात ॲनिमेशनच्या लेखकांसाठी निवासवृत्ती चालते. अशा ठिकाणी पुढच्या, मोठ्या फिल्मचा विचार घेऊन अर्ज करा. वीस मिनिटांची कथा तिथं न्यायला ठेवा.

फिल्म झाल्यावर. महोत्सवांतल्या लघुपटांचा एक कार्यक्रम साधारण सव्वा ते दीड तासाचा असतो, आणि निवडणाऱ्यासमोर प्रश्न असतो की वीस मिनिटांची एक घ्यावी की पाच मिनिटांच्या चार. पहिल्या फिल्मला कमी लांबी इथंही कामाला येते. फ्रान्सचं आनसी १९६० पासून, झाग्रेब १९७२ पासून, ओटावा १९७६ पासून चालू आहे. हे महोत्सव फक्त ॲनिमेशनचे आहेत. मुंबईत दर दोन वर्षांनी मिफ (मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) भरतो, त्यात ॲनिमेशनची स्पर्धा असते, आणि टासीचा (द ॲनिमेशन सोसायटी ऑफ इंडिया) ॲनिफेस्ट आपल्या बिरादरीचा. प्रवेशशुल्काचं बजेट आधी बांधा. दर महिन्याला ‘पुरस्कार’ वाटणारे, पडदा नसलेले, फक्त ऑनलाइन असलेले महोत्सव टाळा. ते पोस्टरवर लावायची सोनेरी पानांची चित्रं विकतात. डीसीपी (थिएटरच्या प्रोजेक्टरसाठीची डिजिटल प्रत) निवड झाल्यावर करून घ्या, आधी खर्च नको. इंग्रजी सबटायटल मात्र सुरुवातीपासून ठेवा, ओव्यांसकट. महोत्सवांना प्रदर्शनासाठी सूट मिळू शकते, पण थिएटरमध्ये तिकीट लावून दाखवायची तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं.

यूट्यूबवर लगेच टाकू नका. बऱ्याच महोत्सवांना आधी ऑनलाइन न आलेली फिल्म हवी असते. एक-दीड वर्ष महोत्सवांत फिरू द्या आणि मग टाका. मधल्या काळात कुणी ओटीटीवाला किंवा वितरक हक्क मागायला आला तर तीनच गोष्टी बघा: किती वर्षांसाठी, कोणत्या देशांसाठी, आणि एकट्यालाच की इतरांनाही देता येतील असे. ‘कायमचे, जगभरातले, सर्व माध्यमांतले’ असं लिहिलेला कागद असेल आणि समोर फक्त प्रसिद्धी देऊ केलेली असेल, तर सही करू नका.